पाट्याची सोय

डिचोलीच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. बादल्या, डबे, किसण्या, गाळण्या, कुकर, ताटं. दिवसभर मी लोकांच्या घरात नव्या वस्तू पाठवत असते. त्या वस्तू पुढे घराबाहेर कशा पडतात, याचा मी कधी विचार केला नव्हता. आईचं घर रिकामं करायला घेतलं तेव्हा तो करावा लागला.

आई पेडण्यात, धारगळच्या आतल्या बाजूला एका वाडीवर एकटी राहायची. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही दोघी बहिणी. धाकटी बडोद्याला, मी डिचोलीला. मागच्या पावसाळ्यात विहिरीकडच्या शेवाळावर पाय घसरून आईचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण त्या हाताने कळशी उचलायची नाही आणि एकटीने राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी म्हटलं, माझ्याकडे चल. ती म्हणाली, बघते. लेकीच्या घरी कायमचं राहायला जायचं हे तिच्या पिढीच्या बाईला सहज पटत नाही. शिगमो होईपर्यंत ती बघतच होती. मग एका रविवारी मला म्हणाली, "येतंय. पण एक सांगून ठेवतंय बाय. माज्या घरातली एक वस्तू उकिरड्यार जावची नाय. सगळ्यांची सोय लाव, मगे माजी लाव."

मला वाटलं, सोपं आहे. घर तीन खोल्यांचं. बंद घरात सामान ठेवलं तर पहिल्याच पावसात वाळवी धरते, म्हणून पाऊस लागायच्या आधी ते रिकामं करायचं होतं. हातात अख्खा उन्हाळा होता. दुकानाला रविवारी सुट्टी. मी पहिल्या रविवारी प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या घेऊन गेले आणि संध्याकाळी त्या तशाच घडी घालून परत आणल्या.

आईचा नियम असा की वस्तू जिथून आली तिथे परत जायला हवी. हिरांच्या झिजलेल्या केरसुण्या सोडवून माडांच्या आळ्यात घालायच्या, कारण हीर माडाचे. मडकी फोडून अळवाच्या वाफ्यात. पत्र्याचे डबे भंगारवाल्याला, कारण लोखंड लोखंडातच जातं. जुन्या साड्या गोधडीला. मोडक्या कदेलीचे पाय, म्हणजे खुर्चीचे, न्हाणीच्या चुलीत. हे सगळं मला पटत होतं. पण घरात प्लास्टिकही होतं. तडे गेलेल्या बादल्या, झाकणं नसलेले डबे, डब्यांशिवायची झाकणं. मी विचारलं, "आये, ह्या खयसून इला?"

"तुज्या दुकानातसून इला. तुज्या दुकानात व्हर."

नेलं. खरं तर सगळं मीच दर चतुर्थीला तिला आणून दिलेलं होतं.

देवांची कॅलेंडरं हा पुढचा घोळ. वर्ष संपलं तरी देवाचं तोंड टाकायचं कसं, म्हणून आईने ती सगळी खिळ्याला एकावर एक लावून ठेवली होती. पूर्वी अशा तसबिरी लोक देवळाकडच्या वडाखाली ठेवून यायचे. आता तिथे पाटी लावली आहे की इथे तसबिरी ठेवू नयेत. मी बघायला गेले तर पाटीच्या खांबालाच टेकून तसबिरी ठेवलेल्या. आई म्हणाली, देवाला ओशाळवाणं उभं करायचं नाही. तिने कात्री घेऊन तारखा वेगळ्या केल्या आणि देव वेगळे केले. तारखा पंचायतीच्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या. देव बादलीत दोन रात्री भिजत पडले आणि मग त्यांचा लगदा तुळशीच्या मुळात गेला. ही युक्ती मी आता दुकानात येणाऱ्या बायकांनाही सांगते.

खरी अडचण स्टीलच्या भांड्यांनी केली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. कुणाच्या मुंजीनिमित्त, कुणाच्या लग्नात, कुणाच्या स्मरणार्थ. माझ्या दुकानातही नाव घालायचं मशीन आहे, सुईचं, करकर आवाज करणारं. आजवर किती भांड्यांवर मी नावं घातली असतील देव जाणे. पण नाव घातलेलं भांडं घराबाहेर काढता येत नाही, हे मला आईच्या फळीसमोर उभं राहिल्यावर कळलं. वाटी काढायची, उलटी करायची, वाचायचं. आत्या गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी वाटलेली. ती भंगारात घालायची म्हणजे आत्याला भंगारात घातल्यासारखं. परत फळीवर.

शेवटी मी आईची नजर चुकवून एक ताट शेजारच्या वहिनींना देऊन टाकलं. चांगलं जाड ताट होतं. पुढच्या रविवारी वहिनी ते ताट घेऊन पडवीत हजर.

"ताय, ह्या ताट तू माका दिलंस?"

"दिलंय. कित्याक?"

"ह्या आमचाच मगे. वाच मागे. माज्या लग्नातला. सासऱ्यांनी तुमका दिल्लां."

आई आतून म्हणाली, "तरी म्हटलंय, वहिनीच्या लग्नातला ताट खंय गेला."

वहिनी ताट घेऊन गेल्या नाहीत, कारण दिलेलं परत घेत नाहीत. आम्हीही परत घेऊ शकत नव्हतो, कारण आम्ही दिलं होतं. ते ताट बरेच दिवस दोन घरांच्या मधल्या दगडी गडग्यावर पडून होतं. शेवटी वहिनी त्यात कोंबड्यांना पाणी ठेवायला लागल्या. तेवढी एक वस्तू अशी, जिची सोय आपोआप लागली.

बहीण बडोद्याहून फोनवर सांगायची, "अगं, फोटो काढून नेटवर टाक. माणसं घरून उचलून नेतात." मी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने झाकणं जुळवत असायची. तिला म्हटलं, "तू ये नि उचलून ने." ती म्हणाली, इकडे जागा नाही. सगळ्यांकडेच जागा नाही. म्हणूनच तर दुकान चालतं.

हळूहळू तरीही घर हलकं होत गेलं. नाव घातलेली भांडी पोत्यात भरून माझ्या दुकानाच्या माळ्यावर गेली. आंबे पिकले तोपर्यंत फक्त पाटा-वरवंटा उरला.

पाटा आमच्या मागच्या दाराजवळ असायचा. काळ्या दगडाचा, एका बाजूला किंचित खोलगट झालेला. सकाळी नदीवरून मासे घेऊन बाई आली की आई पाट्यावर बसायची. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, तिरफळं. वरवंटा आधी दगडावर खरखर करायचा, मग वाटप मऊ झालं की त्याचा आवाज बसायचा. तो आवाज बसला की आम्ही बहिणी पुस्तकं मिटून उठायचो, कारण आता आमटी अर्ध्या तासावर आली. वाटप काढून घेतल्यावर आई पाट्यावर थोडं पाणी घालायची, हाताने तो पुसून काढायची आणि ते लालसर पाणी आमटीतच घालायची. मिक्सर आल्यावर तिचं हे राहून गेलं. मिक्सरचं भांडं धुतलेलं पाणी तिने कधी आमटीत घातलं नाही. म्हणायची, त्याला पत्र्याचा वास. पाटा ओलांडायचा नाही, त्याला पाय लावायचा नाही. घाईत एकदा मी उडी मारून गेले तर तिने वाटपाचे हात तसेच ठेवून मला परत बोलावलं आणि वळसा घालून जायला लावलं.

पण पाट्याचं महत्त्व वाटपापुरतं नव्हतं. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात. त्याला धुतात, तेल लावतात, टोपडं घालतात, दुपट्यात गुंडाळतात आणि पाळण्याखालून, पाळण्यावरून फिरवतात. मूल दगडासारखं टणक व्हावं म्हणून. पुढे वाडीवर घरोघरी मिक्सर आले, कुणी पाटे विहिरीकडे कपडे आपटायला नेले, कुणाचे बांधकामात गाडले गेले. वरवंटा फक्त आमच्याकडे राहिला. मग वाडीवर कुठेही बारसं असलं की एखादी बाई सकाळीच यायची, "काकी, दादाक पाठय." दादा म्हणजे वरवंटा. वाडीवरच्या सगळ्या पोरांचा थोरला भाऊ. त्याला टोपडं बांधायचं कामही आईचंच, कारण दगडाचं डोकं निमुळतं, टोपडं सरकतं. दुपट्याची एक घडी मानेशी दाबून बसवली तरच टिकतं. बाबा गेल्यावर काही वर्षं ती पाळण्याजवळ जात नसे, पडवीत बसून टोपडं बांधून द्यायची. पुढे बायकांनीच तिला हाताला धरून आत नेलं.

असा हा पाटा. आणि माझं घर बाजारातल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ओट्याखाली गॅसची टाकी. मी आईला स्पष्ट सांगितलं, "आये, पाटो थंय जावचो नाय. ठेवूक जागो नाय."

"मगे सोय लाव. पण जोडी फोडायची नाय. आणि वापरणाऱ्याकडेच जावक व्हयो."

"आणि नाय लागली तर?"

"तर मी हयच आसंय," ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. ती धमकी देत नव्हती. ती हवामान सांगावं तसं सांगत होती. मला तेच जास्त लागलं. विहीर तीच होती, शेवाळ परत धरणार होतं.

त्या दिवशी पंचायतीची सुक्या कचऱ्याची गाडी आली होती. गाडीवर बेळगावकडचे दोघे होते. मी नुसतं विचारून बघितलं, दगड घेता का. त्यातला एक खाली उतरून पाट्याकडे बघत राहिला. "मॅडम, सुक्यात नाही बसत हे. ओल्यातपण नाही." दुसरा गाडीवरूनच ओरडला, "अरे बांधकामाचा कचरा म्हण!" पहिला म्हणाला, "बांधलंय काय त्याने?" आई दारातून ऐकत होती. गाडी गेल्यावर म्हणाली, "कचऱ्यावाल्याक कळता, तुका कळना नाय."

मग मी मांद्रेला मामेभावाला फोन केला. त्याचं किनाऱ्याजवळ गेस्टहाऊस आहे. तो तर खूशच झाला. "आण आण. पाहुण्यांका असला जुना आवडता. दाराकडे लावतंय. दर्यावरून येतले, पाय धुतले, थंय पाय पुसतले." मी हे आईला सांगायला नको होतं, पण तिने फोन स्पीकरवर ऐकला होता. तिने माझ्या हातातून फोन घेतला. "पाट्यार पाय? मी तुका ह्याच पाट्यावरचा वाटप घालून वाढयलंय. सुट्टी पडली की हयच पडान असायचंस. इसारलंस?" पलीकडून तो हसत म्हणाला, "आत्ये, मगे टेबल करतंय त्याचा. वर काच घालतंय." "काच घाल तुज्या तोंडार," म्हणून आईने फोन परत दिला. कसा बंद करायचा ते तिला माहीत नसतं, त्यामुळे पुढचं त्याचं हसणं आम्ही दोघींनी ऐकलं.

शेवटचा उपाय धारगळचा हमरस्ता. तिथे रस्त्याकडेला कोल्हापूरकडचा एक माणूस ताडपत्री बांधून पाटे, रगडे, जाती विकतो. नवे विकणारा जुना घेईल, असा मी दुकानदाराच्या डोक्याने हिशेब केला. आईला विचारलं तर म्हणाली, विचारून बघ. शेजारच्या वहिनींच्या मुलाने आणि मी मिळून पाटा गाडीच्या डिकीत चढवला. गाडी मागून बसली आणि तशीच नाक वर करून हमरस्त्यापर्यंत गेली.

त्या माणसाने पाट्यावर पाणी ओतलं, हात फिरवला. "दगड झकास आहे, ताई. आता असा निघत नाही."

"मग घ्या."

"वापरलेला पाटा कोण घेतंय? दुसऱ्याच्या घरचा पाटा नेत नाहीत लोक. टाकी मारून न्यायला आणतात, तेवढंच."

"लोक रगडे नेऊन बागेत ठेवतात ना?"

"ते नवे नेतात. जुना दिसतो म्हणून नवाच घेतात." हे सांगताना तोही हसला. "टाकी मारून देऊ का? अगदी गुळगुळीत झालाय, यावर काय वाटणार तुम्ही."

मला लहानपणीची टाकीवाली आठवली. पावसाळा संपला की डोक्यावर टोपली घेऊन "टाकीये" ओरडत वाडीवर यायची. आम्ही पोरं तिच्याभोवती बसून छिन्नीतून उडणाऱ्या ठिणग्या बघायचो, आणि ती डोळे मिटायला सांगायची, ते आम्ही मिटायचो नाही. किती वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता. मी म्हटलं, मारा. आणि तिथेच पालथ्या घमेल्यावर बसून राहिले. गाड्या विमानतळाकडे जात होत्या. तो ठोकत होता, आणि काळ्या दगडावर पांढरे टिपके ओळीने उमटत होते. परतताना वाटेत मात्र माझ्याच डोक्यात प्रकाश पडला की टाकायला नेलेली वस्तू मी नवी करून घरी आणते आहे.

आईने पाटा बघितला. त्यावर तळवा फिरवला. "बरी मारल्यान," म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "आता कसो टाकशी?"

मला रागच आला होता, तिचा कमी आणि पाट्याचा जास्त. पहिले आभाळ भरून येणारे दिवस सुरू झाले होते.

त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींच्या घरी बारसं होतं. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. वहिनी सकाळी आल्या, "काकी, दादाक पाठय," म्हणाल्या आणि मग दारातच थांबल्या. घर मोकळं बघून त्यांच्या लक्षात आलं असावं. आईने वरवंटा धुतला, तेल लावलं, टोपडं बांधलं. दुखऱ्या मनगटाने गाठ नीट बसेना, तेव्हा शेवटी ती मला बांधायला लावली आणि मानेशी घडी कशी दाबायची ते दाखवलं. पाळण्याभोवती बायका पाळणा म्हणत होत्या. वरवंटा खालून वर फिरवला. बाळ झोपलेलं होतं, दगड जागा वाटत होता.

जेवणं झाल्यावर वहिनी आईच्या बाजूला येऊन बसल्या. "काकी, तू गेलंस मगे आमी बारशाक काय मिक्सर घालूचो पाळण्यात?"

सगळ्या हसल्या. आई हसली नाही. तिने विचारलं, "तुज्या मागल्या पडवीत जागो आसा?"

"पाटो ठेवूक? आसा की."

"दिलंय नाय हां. ठेवलंय."

"ठेवलंस. आणि मी वापरतलंय. आमचे हे म्हणतच असतत, मिक्सरातली आमटी पातळ लागता."

"आणि फुडे तुजी सून म्हणतली आमचो पाटो."

"तर नाव घाल काकी. तुज्या चेडवाकडे मशीन आसा मगे."

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून तिथलं मशीन घेऊन आले. स्टीलचं मशीन दगडावर चालेल अशी मला खात्री नव्हती. पाट्याची कड पुसली, सुई टेकवली, आणि सवयीने गिऱ्हाईकाला विचारते तसं विचारलं, "काय घालूचा?"

आईने बाबांचं नाव घ्यायला सुरुवात केली. घरातल्या प्रत्येक भांड्यावर तेच होतं, नाहीतर आजोबांचं, नाहीतर कुणा मामाचं. इतक्या वर्षांत मीही भांड्यांवर पुरुषांचीच नावं घातली, आणि बायकांची घातली ती स्मरणार्थ. मी मशीन बंद केलं.

"बाबांनी कधी वाटप वाटल्यानी?"

तिने पाट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. पाटा न्यायला आलेल्या वहिनी आमच्याकडे बघत होत्या.

"माजा घाल," आई म्हणाली.

नुसतं तिचं नाव घातलं, पुढे-मागे काही नाही. दोन सुया बोथट झाल्या. अक्षरं वाकडी आली, पण पांढरी, स्वच्छ आली. आईने चष्मा लावून वाचलं, पदराने कड पुसली आणि परत वाचलं. मग वहिनींचा मुलगा आणि मी पाटा गडग्याच्या फटीतून पलीकडे नेला. वरवंटा आईने स्वतः नेला, दुखऱ्या हाताचा आधार देऊन, कडेवर घेतल्यासारखा. परत आल्यावर तिने दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि गाडीत पुढच्या सीटवर बसली.

"चल. माजी सोय लाव."

आई आता डिचोलीला आहे. दुपारी दुकानात येऊन बसते, गिऱ्हाईकांना सांगते की हा डबा घेऊ नका, झाकण सैल होतं. पाट्याची सोय लागली खरी, पण वाडीवर बारसं ठरलं की वहिनींचा फोन येतो, आणि आईला घेऊन पेडण्याला जावं लागतं. टोपडं तिच्याशिवाय कुणाला नीट बांधता येत नाही, असं तीच सगळ्यांना सांगते. मला शिकवलेलं ती विसरली नाही, पण तो विषय काढत नाही. परवाच फोन आला. येत्या रविवारी बारसं आहे, आणि नवं टोपडं शिवून तयार आहे.